जर-तरच्या खुर्च्या

मला कल्पना करता येत नाही, असं सदाशिव पेठेतल्या एका बाईंनी मला भर वर्गात ऐकवलं. इंग्रजी येत नाही म्हणाल्या असत्या तर मी हसून सोडून दिलं असतं. इंग्रजी येत नव्हतंच, म्हणून तर क्लास लावला होता. पण कल्पना? वाशीमहून पुण्यात आलो तेव्हा खुर्चीच्या कारखान्यात चाकं बसवत होतो. आज बिबवेवाडीत जुन्या ऑफिस-खुर्च्यांचं माझं स्वतःचं दुकान आहे. हे काय कल्पनेशिवाय झालं? अजून आठवलं की कान गरम होतात.

माझा धंदा असा, की एखादी कंपनी जागा बदलते किंवा घरून काम सुरू करते आणि तिच्या खुर्च्या रिकाम्या होतात. त्या मी एकरकमी उचलतो, दुरुस्त करतो आणि विकतो. पूर्वी कंपनीतला माल काढून देणारा माणूस मराठी किंवा हिंदी बोलायचा. आम्ही चहा पीत भांडायचो, दोनदा उठून दारापर्यंत जायचो, तिसऱ्यांदा सौदा व्हायचा. आता तिथे पंचविशीतली मुलं बसतात आणि अथपासून इतिपर्यंत इंग्रजी बोलतात. त्यामुळे बोलायचं काम माझ्या मुलाकडे गेलं. तो शिकलेला आहे, माझ्याच दुकानात माझ्याबरोबर काम करतो. तो आणि समोरचा बोलत राहतात, मध्येच हसतात, मग तो माझ्याकडे वळून म्हणतो, "बाबा, ते इतके म्हणतायत." भाषांतर करून सांगितलेला भाव म्हणजे गार झालेला चहा. समोरच्याचा आवाज कुठे अडखळला, कुठे त्याला घाई आहे, त्यातलं माझ्यापर्यंत काहीच पोचत नाही. आणि भाव तर त्या अडखळण्यातच असतो.

एकदा मी मध्येच बोललो, तर मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही जरा गप्प बसा ना." गाडीत मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी क्लासला नाव घातलं.

क्लास एका दवाखान्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. खाली स्कूटर लावायला जागा मिळवणं हाच पहिला धडा. बाई निवृत्त शिक्षिका, बारीक अंगाच्या, आवाज मात्र खणखणीत. वर्गातल्या खुर्च्या पाहून माझा जीव कळवळला. एकीचा हात दुसरीला लावलेला, पाठी झुकलेल्या. पण मी काही बोललो नाही. मी तिथे विद्यार्थी होतो.

बाई दोन बॅच घ्यायच्या. खालच्या बॅचला व्याकरण, वरच्या बॅचला ऑफिसातलं बोलणं, मीटिंग, वाटाघाटी. मला हवी होती वरची. आणि ती लवकर हवी होती, कारण खराडीकडच्या एका कंपनीचा मोठा लॉट निघणार होता आणि मुलगा आधीच म्हणाला होता, "मी एकटाच जाऊन येतो बाबा, तुम्ही दुकान बघा." म्हणजे मी, ज्याने हा धंदा उभा केला, तो गल्ल्यावर बसणार. आज एका सौद्याला घरी राहिलो की कायमचा घरी राहिलो, हे मला कळत होतं.

सगळं ठीक चाललं होतं, ते जर-तरच्या धड्यापर्यंत. नियम मी एका आठवड्यात पाठ केले. 'तुम्ही द्याल तर मी घेईन' असं आपण म्हणतो, म्हणून आपली माणसं 'इफ यू विल गिव्ह' म्हणतात. ते चूक. इफच्या शेजारी विल बसवायचं नाही. होण्यासारखी गोष्ट असेल तर 'इफ यू गिव्ह, आय विल टेक'. आणि नुसतं समजायचं असेल, खरं नसेल, तर क्रियापद एक पाऊल मागे घ्यायचं आणि पलीकडे वुड ठेवायचं. 'इफ आय हॅड, आय वुड.' यात काय अवघड आहे?

अवघड पुढे होतं. बाईंनी मला उभं केलं. "म्हणा, इफ आय हॅड अ शॉप..."

"बाई, माझं दुकान आहे."

"समजा, नाहीये."

"का समजू? परवानाही दाखवतो."

वर्गातली मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. "बरं. इफ आय वेअर अ किंग. तुम्ही राजा असतात तर काय केलं असतंत?"

"राज्य कोण विकतंय?"

"अहो, कोणी विकत नाहीये! तुम्ही राजाच आहात."

"फुकट मिळालं? मग त्यात काहीतरी खोट असणार. मी आधी कागद बघेन."

बाईंनी खडू खाली ठेवला. "तुम्हाला काळ येत नाहीत असं नाही. तुम्हाला कल्पनाच करता येत नाही. हीच बॅच परत करा."

त्यांना काय सांगणार? आमच्या धंद्यात 'समजा' हा शब्द तोंडातून गेला की माणूस गेला. 'समजा, मी सगळाच माल उचलला तर?' असं नुसतं विचारलंत की समोरच्याला कळतं, याने मनातल्या मनात ट्रक भरला. म्हणून माल कितीही डोळ्यात भरो, चेहरा कंटाळलेला ठेवायचा, एखादी खुर्ची पायाने ढकलायची आणि म्हणायचं, "चाकं गेलीत." कल्पना करायची ती पोटात. हे मी बाईंना एकदा मधल्या सुट्टीत समजावूनही सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "हं." मला वाटलं, त्यांनी ऐकलं नाही.

पुढच्याच रविवारी बाई माझ्या दुकानात. छत्री, पर्स, चष्मा. मुलगा टेप घेऊन टेबल मोजत होता, तो थांबला.

"तुमचं दुकान आहे म्हणालात, ते खरंच आहे की," बाई म्हणाल्या. "वर्गासाठी खुर्च्या हव्यात."

मनातून मी फुललो. बाई प्रत्येक खुर्चीत बसून पाहत होत्या. मागे रेलल्या, पुढे झुकल्या, एकीला गोल फिरल्या. शेवटी जाळीच्या पाठीच्या, जवळजवळ नव्या खुर्च्यांपाशी आल्या. मी भाव सांगितला. रास्त सांगितला, देवाशप्पथ.

बाईंनी चेहरा असा केला की दवाखान्यात नंबराची वाट बघतायत. एक खुर्ची पायाने जरा ढकलली. म्हणाल्या, "चाकं गेलीत."

मुलाच्या तोंडून हसू फुटलं. माझं डोकं फिरलं. माझंच हत्यार, माझ्याच दुकानात! "बाई, ही चाकं मी स्वतः बसवली आहेत! बरं, एक करू. भाव कमी करतो, मला वरच्या बॅचला घ्या."

"प्रवेश विकायला ठेवलेला नाही. चाकं गेलीत. आणि भाव बघता मला वाटलं, खुर्चीबरोबर खोलीही देताय."

मग मला काय झालं ते सांगता येत नाही. वर्गात महिनाभर अडकून बसलेलं ते सगळं एकदम बाहेर आलं. मी ओरडलो, "बाई, इफ यू वेअर नॉट माय टीचर, आय वुड आस्क डबल!"

मुलाच्या हातातली टेप खर्रकन आत गेली.

बाई सावकाश त्या खुर्चीत बसल्या. "परत म्हणा."

मी परत म्हणालो. आवाज जरा कमी होता.

"बरोबर आहे. मी तुमची शिक्षिका नाही, अशी कल्पना केलीत. रागाने केलीत, पण केलीत. उद्यापासून वरच्या बॅचला या." मी हात जोडायला लागलो. त्या मात्र बोलत होत्या. "आता, मी तुमची शिक्षिका आहेच. म्हणजे बाहेरच्यांचा भाव मला लागू नाही, हे तुम्ही आत्ता दोनदा कबूल केलंत. शिक्षिकेचा भाव सांगा."

मी मुलाकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. दुकानात बोललेला शब्द मी आजवर कधी मागे घेतला नाही, हे त्याला माहीत होतं, आणि बाईंनीही बहुतेक ताडलं होतं. मी भाव खाली आणला. त्यांनी आणखी खाली ओढला. शेवटी निघताना दारातून म्हणाल्या, "आणि हो, तिसऱ्या मजल्यावर चढवून द्यायच्या. आमच्याकडे लिफ्ट नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे."

त्या सौद्यात मी हरलो. तो राग वेगळा, त्याचं काही करता येत नाही.

खराडीच्या लॉटला मी गेलो. मुलगा गाडी चालवत होता. तिथली मुलगी आम्हाला एका मोठ्या हॉलमध्ये घेऊन गेली. रांगेने खुर्च्या, एकाही पाठीवर ओरखडा नाही. माझ्या पोटात ट्रक भरायला लागला. मुलीने विचारलं, "सो, विल यू टेक ऑल ऑफ देम?" मुलाने तोंड उघडलं. मी त्याच्या कोपराला हात लावला.

एक खुर्ची पायाने ढकलली. ती लोण्यासारखी सरकत भिंतीपर्यंत गेली. मी कंटाळून म्हणालो, "इफ द व्हील्स वेअर गुड, आय वुड टेक ऑल."

मुलगी अडखळली. "ॲक्च्युअली, वी नीड टू व्हेकेट सून..." ते अडखळणं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, गरम गरम.

ती फोन करायला बाहेर गेली, तसा मुलगा कुजबुजला, "बाबा, चाकं एकदम चांगली आहेत की."

"असू देत," मी म्हणालो. "मी कल्पना केली."