व्हिएतनाम काकांचं रिकामं पाकीट

आमच्या देवळाली कॅम्पात घरटी एक फौजी, पण लढाईच्या गप्पा सुरू झाल्या की चहा अर्धा टाकून उठणारा एकच. व्हिएतनाम काका! खरंच जाऊन आलेले व्हिएतनामला. लढायला नाही हं. तिकडच्या शस्त्रसंधीवर लक्ष ठेवायला आपली माणसं गेली होती ना, त्यांच्यात हे जीप ड्रायव्हर. "दुसऱ्यांचं युद्ध बघूनच पोट भरलं माझं," म्हणायचे.

सायगावात म्हणे एक बाई रोज रस्त्याच्या कडेला पाटी धरून उभी राहायची. पोलीस हाकलायचे, दुसऱ्या दिवशी परत हजर! "पाटीवरचं एक अक्षर कळायचं नाही मला. पण पोरगा मागतेय, एवढं कळायचं."

म्हणून कारगिलच्या वेळी काकांनीही पाटी केली. नातवाची शाळेची पाटी, सायकलच्या हँडलला अडकवलेली. वर खडूने, 'पोरं घरी येऊ द्या.' बाजारातून रोज एक चक्कर. चौकातली टाळकी ओरडायची, "काय काका, फाटली का?"

काका सायकल थांबवायचे. "हो. तुझी नाही ना? म्हणजे तुझ्या घरचं कोणी गेलेलं नाही."

आमच्या घरचा गेला होता. माझा दादा. तीन आठवडे ना फोन, ना पत्र. आणि एक दिवस पाकीट आलं! पत्ता दादाच्याच अक्षरात. फोडलं तर आत काहीच नाही. रिकामं! आई उंबऱ्यातच बसली. "फौजेने पत्र काढून का घेतलं असेल गं? काय लिहिलं होतं त्याने?"

मी धावत काकांकडे. ते अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून आले, पाकीट उलटं करून झटकलं आणि चक्क हसायला लागले! मला इतका राग आला ना!

"वहिनी, पोरगा ठणठणीत आहे! गधड्याने सांगितलं नाही तुम्हाला?"

मग कळलं. काकांच्या आईला वाचता येत नव्हतं. पत्र आलं की वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात जायची, जीव मुठीत धरून. म्हणून ठरलं होतं, रिकामं पाकीट म्हणजे मी बरा आहे. निघताना दादाला त्यांनीच शिकवलेलं. "तिथून खरं लिहिता येत नाही, आणि खोटं आईला कळतं."

"अहो भाऊजी, आधी सांगायचं तरी!" आई रडत रडत ओरडली, आणि मग आम्ही सगळेच हसत सुटलो.

दादा सुट्टीवर आला त्या दिवशी काकांनी आमच्या नळावर पाटी धुतली. फेकली मात्र नाही. "राहू दे, लागते," म्हणाले.

पुढे ते लेकीकडे सायखेड्याला राहायला गेले. मग कळलं, हार्टचं ऑपरेशन आहे. कुठल्या दवाखान्यात ते ठाऊक नाही, लेकीचा फोन लागेना. चार दिवस आमच्या घरात कोणी धड जेवलं नाही. पाचव्या दिवशी पोस्टमन आला. पत्ता काकांच्याच अक्षरात, जरा थरथरता.

मी फोडलं. रिकामं!

आईने तरी आत बोटं घालून दोनदा बघितलं.