गाठ आला

दुसऱ्याच्या बोलण्यातली चूक काढायची खोड मला लहानपणापासून. पुढे शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा ती पोटापाण्याला उपयोगी पडली, पण त्याच्या आधी तिनं एका बाईचे दोन महिने खाल्ले होते. त्या बाईच्या जिवाचा प्रश्न होता आणि तिच्याजवळ फुकट घालवायला दोन महिने नव्हते. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. आता वय झालं, सांगून टाकते.

सगळं घडलं एका शब्दापायी. गाठ हा शब्द आमच्या सोलापूरच्या घरात दिवसातून दहा वेळा यायचा आणि ज्याच्या तोंडी जाई त्याच्या कामाचा होई. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. ते घरी आले की पगडी काढता काढता म्हणत, "आज गाठी फार आल्या." म्हणजे कापसाच्या गासड्या. मला वाटे, एवढ्या गाठी सोडवताना बिचाऱ्यांची बोटं दुखत असतील. आईची गाठ पदराला, तिच्यात कपाटाची किल्ली. पाडव्याला साखरेच्या गाठी येत, त्यातल्या गुलाबी तेवढ्या मी गुढी उभी राहायच्या आधीच दोऱ्यावरून ओढून खात असे. पाहुणे आले की "बऱ्याच दिवसांनी गाठ पडली" म्हणत, आणि शाळेत बाई 'जिवाशी गाठ' वाक्यात उपयोग करायला देत. मी तो मांजर आणि उंदरावर केला होता.

एक अर्थ मात्र घरात उच्चारायची सोय नव्हती. आईचे दोन भाऊ ती लहान असताना एका आठवड्यात प्लेगनं गेले. एकाच्या काखेत गाठ आली, दुसऱ्याच्या जांघेत. आई प्लेगला प्लेगही म्हणत नसे, 'ते' म्हणे. आणि "गाठ आली" हे दोन शब्द कुणी कशाच्याही संदर्भात एकापुढे एक ठेवले की तिच्या हातातलं काम थांबायचं.

आमच्या समोर, गल्लीच्या पलीकडच्या बाजूला, एक विणकर जोडपं राहत असे. मूळचं तेलंगणातलं, घरात तेलुगू बोलणारं. त्या बाईला सगळी गल्ली अक्का म्हणे. मीही म्हणे, वयानं ती माझ्या आईएवढी असली तरी. मूलबाळ नव्हतं. नवरा मागावर बसे आणि अक्का दारात रहाटावर सुताच्या कांड्या भरी. शाळा सुटली की मी दप्तर टाकून तिच्याकडे. ती मला 'बिड्डा' म्हणायची, म्हणजे लेकरू. घरात मी चार भावंडांतली तिसरी, तिथं मी एकटी. मला ते फार आवडायचं.

तुटलेला धागा जोडायचं तिनं मला शिकवलं. दोन टोकं चिमटीत धरायची, एक दुसऱ्यावरून घ्यायचं, अंगठ्यानं दाबायचं, ओढायचं. तिच्या हातून हे एका श्वासात होई आणि गाठ इतकी बारीक की लुगड्यात शोधून सापडू नये. माझी गाठ मुगाएवढी व्हायची. ती न रागावता दातानं तोडून पुन्हा टोकं माझ्या हातात द्यायची.

"गाठ मोठा झाला, बिड्डा."

"मोठा नाही, मोठी. ती गाठ."

"धागा तो की?"

"धागा तो."

"मग धाग्याला पडला तर ती कसा?"

मी शाळेतल्या बाईंच्या आवाजात सांगितलं, "असंच असतं."

त्या पावसाळ्यात शहरात कुठंकुठं उंदीर पडत असल्याची बोलवा होती. एके दिवशी सकाळीच आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मेलेला उंदीर सापडला. कुणी म्हणालं मांजरानं मारला, कुणी म्हणालं मांजरानं मारला तर खाल्ला का नाही. सगळे जरा दबूनच होते. तेवढ्यात समोरून अक्काची आरोळी आली. नवरा नळावर गेलेला, मागावरच्या नव्या ताण्यात गुंता होऊन फणीत अडकलेला, धागे पटापटा तुटायला लागलेले. ती दारात येऊन ओरडली, "गाठ आला! लौकर या! गाठ आला!"

पुढच्या घटकेत गल्ली रिकामी झाली. आईनं धाकट्याला काखोटीला मारलं, आम्हाला पुढं घातलं आणि चुलीवरचा भात तसाच टाकून रुळांपलीकडचा माळ गाठला. निम्मी गल्ली तिथं आली होती. शेजारचे आजोबा घाईत हाताला लागलं ते उचलून निघाले होते, तो वरवंटा निघाला. पाटा घरीच होता. दुपारी वडील धक्क्यावरून घरी जाऊन, अक्काकडून सगळं ऐकून आम्हाला शोधत आले आणि त्यांनी खरा प्रकार सांगितला. आजोबा वरवंट्याकडे बघून हसायला लागले आणि मग सगळा माळ हसला.

आई हसली नाही. ती अक्काशी महिनाभर बोलली नाही.

गल्लीला मात्र आयतं कोलीत मिळालं. अक्का दिसली की, "काय अक्का, गाठ आला का?" पाण्याला जाताना, देवळात, भाजीवालीसमोरसुद्धा. "लई पळवलंस बाई आमाला!" आणि या सगळ्यात नक्कल माझी सर्वांत चांगली व्हायची. पदर खोचून, डोळे मोठे करून मी "गाठ आला!" केलं की बायका पोट धरून हसत. एकदा मी नक्कल करून वळले तर मागे अक्का उभी. तीही हसली. मला वाटलं तिलाही गंमत वाटते. चांगली माणसं हसतात तेव्हा पोरांना एवढंच कळतं.

तेव्हापासून तिनं तो शब्द टाकला. धागा तुटला की ती म्हणे, "मुडी घाल, बिड्डा." तेलुगूत गाठीला मुडी. मी चार दिवसांत तोही शिकले आणि शाळेत मिरवला.

दिवाळी होऊन गेली. एका संध्याकाळी, गिरणीचा भोंगा नुकताच झाला होता, मी तिच्याजवळ कांड्या मोजत बसले होते. अक्काचा रहाट थांबला. तिनं आत नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या धोट्याचा खटखट आवाज चालू होता. मग पदराखाली छातीशी हात नेऊन ती हळूच म्हणाली, "बिड्डा, गड्डा हाय."

सोलापुरात गड्डा म्हणजे एकच. संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वराची जत्रा. पाळणे, बांगड्या, श्रीमंत झाल्यासारखं वाटायला लावणारी फुटाण्यांची पुडी. मी खो खो हसले.

"आत्ता कुठला गड्डा, अक्का? गड्ड्याला अजून दोन महिने आहेत!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तीही हसली आणि म्हणाली, "व्हय. दोन महिने हायत." आणि रहाट पुन्हा फिरायला लागला.

दोन महिने मी तिला रोज गड्ड्याचे दिवस मोजून दाखवले. तिला जत्रेची एवढी हौस आहे हे बघून मला तिचं कौतुक वाटे. मी आईलाही सांगितलं, की अक्का माझ्याहून लहान आहे. संक्रांत झाली आणि ती मला खरोखरच घेऊन गेली. मी तिचं बोट धरून ओढत होते. "बघ अक्का, आला तुझा गड्डा!" गर्दीत तिनं तोंड दुसरीकडे फिरवलं. बांगड्यांच्या दुकानात तिनं माझ्या दोन्ही हातांत हिरव्या भरवल्या. कासारानं तिचा डावा हात धरायला हात पुढे केला तर तिनं तो मागे घेतला. "दुखतंय," म्हणाली. माझं लक्ष माझ्या बांगड्यांत.

गड्डा उठून चारच दिवस झाले असतील. तिचा नवरा बाजारातून आला आणि पिशवी जमिनीवर उपडी करत तेलुगूत काही म्हणाला. त्यात 'उल्लिगड्डा' एवढं मला ऐकू आलं. पिशवीतून तर कांदे पडत होते.

"मामा, कांद्याला गड्डा म्हणता तुम्ही?" मी विचारलं. चूक सापडली की मला राहवत नसे.

"व्हय की. उल्लिगड्डा, आलुगड्डा. गड्डा म्हंजे असा गोल." त्यानं मूठ वळून दाखवली. "अंगावर असलं काय आलं तरी गड्डाच म्हनतो आमी."

तो कांदे गोळा करत बोलत होता, त्याच्या गावीही नव्हतं. अक्काचा रहाट थांबला होता. मी तिच्याकडे पाहिलं आणि तिचा पदराखालचा हात मला पुन्हा दिसला, दिवाळीनंतरच्या त्या संध्याकाळचा. हातातल्या बांगड्या एकदम घट्ट वाटायला लागल्या. मी उठले आणि पळत घरी आले.

आई कणीक मळत होती. मी म्हणाले, "आई, अक्काला गाठ आली आहे." म्हणजे जे दोन शब्द तिच्यापुढे म्हणायचे नाहीत तेच म्हणाले. आईचे हात थांबले. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पिठाच्या हातांनी तशीच गल्ली ओलांडून गेली. नवऱ्याला बाहेर घालवून दार लावून घेतलं.

मी दाराशी उभी होते. आतून आईचा आवाज आला, चिडलेला आणि रडवेला. "एवढी मोठी होईपर्यंत गप्प बसलीस? मला का नाही सांगितलंस?"

"तुमाला तो शब्द चालत न्हाय, वयनी."

"मग दुसऱ्या कुणाला सांगायचंस!"

अक्का म्हणाली, "कुनाला सांगनार? कुनाला न्हाय सांगितलं."

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. मला वाचवायला ती खोटं बोलली होती आणि पुढंही तिनं कधी, कुणाजवळ, माझं नाव काढलं नाही.

बायकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि आईलाच झापलं, इतके दिवस काय करत होतात म्हणून. आईनं मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यांनी मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. नवऱ्यानं माग बंद केला, अर्धं विणलेलं लुगडं तसंच मागावर ठेवलं, आणि दोघं गाडीनं गेली. निघताना आईनं अक्काच्या पदराला अंगारा बांधला, गाठ मारली आणि ती दोनदा ओढून बघितली.

मी रोज पोस्टमनची वाट बघत असे. तिसऱ्या आठवड्यात कार्ड आलं. अक्कानं सांगितलेलं कुणीतरी जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. वडिलांनी वाचलं: "गाठ काढला. दुखतंय थोडं. बिड्डाला सांगा, आता आपला गाठ कधी?" वडील हसले. आईनं डोळ्यांना पदर लावला. मी कार्ड घेऊन माळ्यावर गेले आणि इतकी रडले की खाली सगळ्यांना वाटलं मला कुठंतरी लागलं. त्या कार्डातल्या चुका मी दुरुस्त केल्या नाहीत. तशा चुका मला त्यानंतर कधी दिसल्या नाहीत, निदान तिच्या बोलण्यात.

ती परत आली तेव्हा निम्मी झाली होती. डावा हात खांद्याच्या वर जात नसे आणि त्याच्या चिमटीत जोर राहिला नव्हता. पण रहाटाला उजवा पुरतो, म्हणायची. धाग्याची दोन टोकं धरायला मात्र दोन हात लागतात, म्हणून गाठी मी मारायची. माझी गाठ हळूहळू मुगाची मोहरी झाली. अर्धं राहिलेलं लुगडं पुरं झालं. "हे बिड्डाच्या लग्नाला," असं ती म्हणाली आणि आईनं नको नको म्हणत ठेवून घेतलं. धागा तुटला की ती आता पुन्हा मोकळेपणानं हाक मारी, "गाठ आला, बिड्डा, ये!" गल्लीत कुणी हसत नसे. आजोबांनी तर एकदा एका नव्या भाडेकरणीला हसली म्हणून दटावलं.

असं एक वर्ष गेलं. एक संक्रांत आम्ही मिळून केली. गड्ड्यात तिनं या खेपेला उजव्या हातात बांगड्या भरून घेतल्या आणि पाळण्यातही बसली. खाली उतरल्यावर घेरी आली म्हणून हसत सुटली.

मग उन्हाळा लागला. एका दुपारी मी शाळेतून आले तर ती दारात नुसतीच बसली होती, रहाट बाजूला सारून. माग आत चालू होता. तिनं मला जवळ बसवलं, माझा हात धरला आणि स्वतःच्या काखेशी नेऊन ठेवला. कापडाखाली बोटांना टणक लागलं. मी हात काढला नाही. या खेपेला मी हसले नाही, आईला हाक मारायला उठले, पण तिनं मनगट सोडलं नाही. तिला माझ्याकडून आधी दुसरंच काही हवं होतं. शाळेत उत्तर द्यायला उभ्या राहिलेल्या मुलीसारखी ती एकेक शब्द जपून म्हणाली,

"गाठ आली." आणि माझ्याकडे बघून, "आता बरोबर हाय न्हवं, बिड्डा?"