घाईबाईनं हात आखडला

तिचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. एरवी सगळा कारखाना तिला घाईबाई म्हणायचा, आणि तिला ते नाव आवडायचं. जन्मालाच ती महिनाभर आधी आली होती. सुईणीला धड चप्पल घालायचीही सवड दिली नाही, असं तिची आई सांगायची. रस्त्यानं तिच्याबरोबर चालायचं म्हणजे बरोबरच्या बायकांना धाप लागे. शेवटचा घास तोंडात असतानाच ती ताट धुवायला उठे. नवरा म्हणायचा, "हिच्याशी भांडायचीसुद्धा सोय नाही. मी पहिलं वाक्य जुळवतोय, तोवर हिचं भांडण संपून समेटही झालेला असतो."

कारखाना झाकणांचा. रंगाचे, पावडरीचे, बिस्किटांचे डबे असतात ना, त्यांची पत्र्याची झाकणं. लांबट शेड, वर तापणारं छप्पर, भिंतीला ओळीनं उभे प्रेस. प्रेस म्हणजे माणसाएवढं लोखंडी धूड. खालच्या साच्यावर पत्रा ठेवायचा, हात मागे घ्यायचा, पायानं पायडल दाबायचं. वरचा साचा धाडकन खाली येतो की झाकण तयार.

हात आणि साचा यांच्यामध्ये खरं तर एक जाळी असते. पायडल दाबलं की आधी जाळी खाली येते, मग साचा. जाळी खाली असताना हात आत जाऊच शकत नाही. पण तिला खाली यायला नि वर जायला जरासा वेळ लागतो. एक श्वास घ्यावा इतकाच; पण दिवसभरात असे किती श्वास होतात! म्हणून सगळ्या जाळ्या पान्यानं सोडवून मागच्या कपाटाआड उभ्या करून ठेवलेल्या. तपासणीचे साहेब येणार असले की त्या बाहेर निघत, पुसल्या जात, प्रेसवर बसत. साहेबांची पाठ वळली की पुन्हा कपाटामागे. बायका त्यांना 'पाहुण्यांची भांडी' म्हणायच्या.

या प्रेसवर घाईबाईनं उमेदीची सगळी वर्षं काढली. नवऱ्याचा पाय अधू झाल्यावर तिच्या हातांनी घर चाललं, मुलगा शिकला, ट्रक चालवायला लागला. हातात कसब आहे आणि कष्टाची लाज नाही, मग आपलं कुठे अडणार, असं ती छातीठोकपणे सांगायची. कुणी पगाराची रड गायली की म्हणायची, "रडायला जेवढा वेळ लागतो ना बाई, तेवढ्यात चार झाकणं निघतात."

तिच्या हातून चूक झाली ती याच ऐटीत.

कारखान्यात अधूनमधून 'वेळ घ्यायचे'. मालक स्वतः घड्याळ घेऊन एकीच्या मागे उभा राहायचा. तासाभरात तिची जितकी झाकणं निघतील, ते सगळ्यांचं टार्गेट. त्याच्या खाली राहिलं की पगार कापला. जुन्या बायकांमध्ये एक अलिखित रीत होती. सगळ्यांत वयस्कर बाई, जिला सगळ्या थोरली म्हणत, ती नव्या पोरींना पहिल्याच दिवशी बजावायची, "वेळ घेतात त्या दिवशी हाताला सूज आलीय असं समजायचं."

पण एकदा मालक येऊन उभा राहिला तो नेमका घाईबाईच्या मागे, आणि हसत म्हणाला, "ऐकलंय फार तुमच्याबद्दल. दाखवा की जरा हात." झालं! पैलवानाला कुणी दंड दाखव म्हटल्यावर तो शर्टाची बाही खाली ओढेल का? घाईबाई सुटली. पत्रा, पाय, झाकण. पत्रा, पाय, झाकण. थोरली दोनदा खोकली, तिसऱ्यांदा तर घसा फाटेस्तोवर खोकली. ऐकतो कोण?

घाईबाईचा फोटो भिंतीवर लागला. भिंतीवर लावायचं घड्याळ बक्षीस मिळालं. आणि पुढच्या महिन्यापासून तिचा तो दिवस सगळ्यांचा रोजचा दिवस झाला. थोरली एवढंच म्हणाली, "घरी लाव हो ते घड्याळ. इथे आम्हाला दिसायला नको." आपल्यालाही आता रोज पैलवानकी करावी लागणार, हे घाईबाईच्या उशिरानं ध्यानात आलं.

मग मुलाचं लग्न झालं. सून हाताची सुबक, स्वभावानं सावकाश. शिवणकाम करायची ते दुकान बंद पडलं, तेव्हा घाईबाईनंच शब्द टाकून तिला शेजारच्या प्रेसवर लावून घेतलं.

"अगं, झाकण काढतेयस की त्याची वेणी घालतेयस?"

"आई, तुमच्याकडे बघितलं ना, की माझा पत्रा वाकडा बसतो."

"मग नको बघूस. मी काय सिनेमा आहे?"

दर महिन्याला सुनेचा पगार कापला जाई. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिनं साधाच प्रश्न विचारला, "एवढं टार्गेट ठरवलं तरी कुणी हो?" सगळ्या जणी आपापल्या डब्यात बघायला लागल्या. थोरली म्हणाली, "तुझ्या सासूला विचार." घाईबाई तोंडातला घास चघळतच राहिली. जन्मात पहिल्यांदाच तिचं जेवण सगळ्यांच्या मागून संपलं.

त्यानंतर सून घाई करायला शिकली. घाई करायची म्हणजे हात पूर्ण मागे न घेता, जरासाच मागे घ्यायचा. घाईबाईला ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होतं. रोज ती स्वतःला समजवायची, होईल सवय, आपल्याला नाही का झाली.

एका दुपारी शेजारचा प्रेस खाली आला तो वेगळाच आवाज करून. सून हात छातीशी धरून उभी होती. हातमोज्याच्या एका बोटाचं टोक गायब. तो मोजा घाईबाईचा जुना, सुनेच्या नाजूक हाताला चांगलाच मोठा होणारा. बोट मोज्याच्या टोकापर्यंत पोचतच नव्हतं, म्हणून वाचलं. तयार झाकणाच्या कडेला करड्या कापडाचा तुकडा घट्ट दाबून बसला होता.

सुपरवायझर धावत आला. गळ्यात कायम शिट्टी असायची, म्हणून त्याचं नावच शिट्टी. "बोट आहे ना? मग झालं तर. नवा मोजा घ्या, प्रेस चालू ठेवा."

सून म्हणाली, "आई, माझंच चुकलं. मला घाई जमतच नाही."

बाकीचं सगळं घाईबाईनं गिळलं असतं. हे 'माझंच चुकलं' तेवढं तिच्या घशाखाली उतरेना. झाकण उचलून ती थेट मालकाच्या खोलीत गेली आणि टेबलावर त्याच्यापुढे ठेवलं.

मालकाचा चेहरा उतरला. माणूस काही दगड नव्हता. "बोट?"

"आहे. मोजा माझा होता म्हणून. मालक, जाळ्या बसवा."

मालकानं डावा हात वर केला. त्याच्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं, आणि ते तो पदक दाखवावं तसं सगळ्यांना दाखवायचा. "बाई, मला सांगता? वडिलांच्या पडवीत एका प्रेसवर सुरुवात केली मी. बोट गेलं, तरी दुसऱ्या दिवशी कामावर उभा. कष्टाचं फळ मिळतंच."

"मिळतं की. तुमचं बोट गेलं नि कारखाना आला. तिचं गेलं असतं तर काय आलं असतं? नव्या मोज्याला एक बोट कमी शिवावं लागलं असतं, एवढाच फायदा."

मालक खुर्चीत मागे रेलला. "जाळी लावली की झाकण महाग पडतं. शेजारचा लावत नाही, समोरचा लावत नाही. मी एकट्यानं लावली तर गिऱ्हाईक त्यांच्या दारात. मग तुमची बोटं शाबूत राहतील आणि चुली विझतील. सगळ्यांना लावायला लावा, मी पहिला लावतो. शब्द देतो."

जे होणारच नाही त्याबद्दल माणूस सढळ हातानं शब्द देतो, तसा तो दिला होता. घाईबाईनं मात्र तो पदरात पाडून घेतला, आणि टेबलावरचं झाकणही.

घरी नवरा म्हणाला, "अगं, तो आपला बोलायचं म्हणून बोलला."

"बोलला ना? मग झालं."

"नोकरी जाईल. दोघींची."

"जाईल. पण हात तर राहतील? हातांवर दुसरी नोकरी मिळते. नोकरीवर दुसरे हात मिळतात का?"

सुट्टी काढून ती कामगार कार्यालयात गेली. बरोबर सून, आणि काठी टेकत नवराही, 'तुम्हा दोघींना सांभाळायला' म्हणून. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "तक्रार कुठल्या कारखान्याविरुद्ध?"

"सगळ्या."

"सगळ्या असं नसतं हो. एकाचं नाव सांगा."

"एकाचं सांगितलं तर त्या एकालाच जाळ्या बसतील, बाकीचे त्याची गिऱ्हाइकं पळवतील, आणि वर्षाच्या आत तो जाळ्या विकून मोकळा होईल. आमची झाकणांच्या कारखान्यांची गल्ली लिहा. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"बाई, असं आजवर कुणी लिहून दिलेलं नाही."

"म्हणून तर बोटं चाललीत. लिहा."

तो हसला, मग चिडला, मग वरच्या साहेबांना विचारायला गेला. साहेब नव्हते. दुसऱ्या खेपेलाही नव्हते. तिसऱ्या खेपेला घाईबाई डबा घेऊनच गेली आणि खिडकीसमोर बसून जेवली. साहेब सापडले. घाईबाईनं पुढे ठेवलेलं ते झाकण त्यांनी बराच वेळ हातात धरलं आणि मग एकच विचारलं, "यातून वाचलेलं बोट कुणाचं?" सुनेनं हात पुढे केला.

पुढच्या महिन्यात तपासणी झाली ती न कळवता, आणि गल्लीतल्या एकूण एक शेडमध्ये एकाच सकाळी. पाहुण्यांची भांडी बाहेर काढायला कुणालाच सवड मिळाली नाही. सगळ्यांना दंड, सगळ्यांना मुदत. कपाटामागच्या जाळ्या निघाल्या आणि पक्क्या बसल्या.

मालकानं तिला बोलावून घेतलं. "माझं मीठ खाऊन माझ्यावरच उलटलात."

"मीठ मी विकत आणते, मालक. आणि उलटले कुठे? तुम्हीच म्हणालात, सगळ्यांना लावायला लावा. लावली."

मालक म्हणाला, "बरं. जाळ्या राहतील. टार्गेट तेच राहील."

गोम तिथेच होती. जाळी लावून ते टार्गेट कुणालाच गाठता येईना. आठवड्यातच एका बाईनं जाळीखाली लाकडाचा तुकडा ठोकला, म्हणजे ती खालीच येऊ नये. कुणी सांगितलं नव्हतं. पगार कापला जाऊ नये म्हणून तिनं आपण होऊनच ठोकला. घाईबाईनं तो तुकडा उपटला, पण तिला कळून चुकलं की आज एक उपटला तर उद्या दहा बसतील. सरकारनं जाळी दिली होती, पण टार्गेट अजून तिनंच दिलेलं होतं, त्या ऐटीतल्या दिवशी.

ती पुन्हा मालकाकडे गेली. "वेळ पुन्हा घ्या. जाळी लावून."

"घेतो," मालक म्हणाला. "पण तुमचीच घेणार." आणि मग आवाज मऊ करून, "शिट्टी आता थकलाय. त्याच्या जागी कष्टाळू माणूस हवंय मला. खरा हात दाखवा, शिट्टी तुमच्या गळ्यात."

सगळी शेड बघत होती. मालक घड्याळ घेऊन मागे उभा राहिला. थोरली या वेळी खोकली नाही; तिनं खोकणं सोडूनच दिलं होतं. समोर भिंतीवर घाईबाईचा जुना फोटो होता.

तिनं मान वळवून सुनेच्या प्रेसकडे पाहिलं. "चल गं. तुझ्या चालीनं चाल. आज मी बघते तुझा सिनेमा."

सुनेनं पत्रा ठेवला. घाईबाईनं पत्रा ठेवला. सुनेनं हात मागे घेतला, पूर्ण, पार कमरेपर्यंत. घाईबाईनंही घेतला. जाळी खाली. साचा खाली. जाळी वर. झाकण.

तिचे हात शिवशिवत होते. पाय पायडलवर नुसता तडफडत होता. जन्मात कधी सावकाश न चाललेली बाई मिरवणुकीतल्या बैलासारखी चालली होती, आणि त्या तासाभरात तिला जेवढा घाम फुटला तेवढा कधीच फुटला नव्हता.

"बाई," मालक कानाशी म्हणाला, "मुद्दाम हळू करताय तुम्ही."

"हो. मुद्दाम."

"तुमचा हात एवढाच नाही. मला माहीत आहे."

"माझा हात तुम्ही एकदा बघितलात, त्याचं घड्याळ मी घरी घेऊन गेले. तो हात विसरा. हा हिचा हात आहे. इथे रोज, न मरता, म्हातारपणापर्यंत काम करायचं असेल तर कुणाचाही हात एवढाच चालतो."

"आणि मी हे मान्य केलं नाही तर?"

"कार्यालयाचा रस्ता मला पाठ आहे. डबा घेऊनच निघेन."

मालकानं घड्याळाकडे पाहिलं, आपल्या अर्ध्या करंगळीकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढून नव्या टार्गेटचा आकडा लिहिला, तो उमटेल की कागदच फाटेल इतकं दाबून.

"शिट्टीचं विसरा," जाता जाता तो म्हणाला.

"गळ्यात बांधून घ्यायची हौस कुणाला होती?" घाईबाई म्हणाली. तास संपला होता, तरी ती थांबली नाही. तिनं पुढचा पत्रा ठेवला, हात मागे घेतला आणि जाळी खाली यायची वाट पाहिली.