मूठ फक्त राजाच्या बाजूला

दुपारी जेवून आडवा होतो. उद्या जर्मनच्या क्लासमध्ये पाच मिनिटं बोलायचंय: काउंटेस आडेलहाइड, एका राजाचं अंगवस्त्र. शेवटचं वाक्य घोकता घोकता डोळे मिटतात. राजा गेला तेव्हा ती आलीच नाही.

"कोण आलं नाही?"

पलंगाच्या कडेला काउंटेस उभी आहे. फुगीर झगा, पावडर मारलेले उंच केस, कोपरापर्यंत पांढरे हातमोजे. बोलते मराठीत. माझं जर्मन ऐकून तिनं तसं ठरवलं असावं.

मी म्हणतो, पुस्तकात तसंच आहे, बाईसाहेब. ती माझं मनगट धरते आणि आम्ही सोसायटीच्या जिन्यात असतो. चपलांचे स्टँड संपतात, मेणबत्त्या लागतात, जिना संपत नाही. शेवटी भिंत, तिच्यावर फुलाफुलांचा कागद. ती सांगते की हेच दार. राणीनं पुढून यायचं, हिनं मागच्या जिन्यानं, असा दरबारचा शिरस्ता. मूठ एकच, तीही राजाच्या बाजूला. वर्षानुवर्षं तोच उघडायचा. तो मेला त्या दिवशी कोण उघडणार?

"मी ठोकत होते," ती म्हणते. "आत रडारड चाललेली. कुणाला ऐकू गेलं नाही. गेलं असेलही. तू आत जा आणि उघड."

आत कसा जाऊ, असं विचारेपर्यंत मी आत आहे. खोली म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचं मंगल कार्यालय. लोक हात जोडून रांगेनं पुढे सरकतायत, मॅनेजर म्हणतोय, जरा आवरा, संध्याकाळी मुंज आहे. मधोमध पलंग. पलंगावर मी. मेलेला राजा मीच आहे. उशाशी राणी पंख्यानं वारा घेत बसलीय.

ठक. ठक.

मी उठायला लागतो. राजवैद्य खांदा दाबतो.

"मयतानं उठायचं नसतं."

मी म्हणतो, दार वाजतंय. तो म्हणतो, रोजचंच आहे. राणी मान वळवत नाही, पण दर ठकठकीला तिचा पंखा थांबतो.

पांघरूण पायांत अडकतं. ते सोडवलं की खाली आणखी एक पांघरूण. ठोकणं मंद होत चाललंय. ती कंटाळून गेली तर पुस्तकातलं वाक्य खरं ठरेल, आणि उद्या ते मीच म्हणणार. मी पलंगावरून खाली पडतो आणि रांगत भिंतीकडे निघतो. रांगेतला एकजण म्हणतो, ओ, मध्ये घुसू नका. मूठ गार लागते. फिरवतो.

ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही. पलंगावर आता खरा राजा आहे, म्हातारा, तोंड उघडं. ती एक हातमोजा काढते आणि त्याच्या गालावर हात ठेवते. राणी जरा सरकून जागा करून देते.

"उशीर झाला," ती त्याला म्हणते. "मूठ तुमच्या बाजूला होती."

दार वाजतं. निनाद, चहा गार होतोय, किती वेळ ठोकतेय मी. मी धडपडत उठून कडी काढतो, इतक्या घाईनं की आई एक पाऊल मागे सरते.

"अरे, हळू," ती म्हणते. मग खाली बघते. "हे कुणाचं?"

उंबऱ्याच्या आत, माझ्या पायाशी, लांब पांढरा हातमोजा पडलाय. शिलाई शाबूत आहे. फक्त बोटांच्या सांध्यांवर झिजून आरपार भोकं पडलीयत.