आपलं माणूस बसवून

लोक भेटायला येतात आणि म्हणतात, "शांतपणे गेले हो." मी मान डोलावते, चहा टाकायला आत जाते आणि आत जाऊन माझीच चिडचिड होते. शांतपणे? ज्या माणसाने आयुष्यात एक जेवण मांडी घालून पुरतं केलं नाही, अर्धी भाकरी हातात घेऊन जो अंगणात फेऱ्या मारायचा, तो शांतपणे जाईल कसा? आता दीड महिना होत आला. मलाही हल्ली एका जागी बसवत नाही. उठते, उगाच कडी बघून येते, परत बसते… त्यांची सवय मला लागली की काय कोण जाणे.

आमचं लग्न झालं तेव्हा हे, म्हणजे शामराव, नुकतेच फौज सोडून आले होते. शिराळ्याला घरचा ऊस होता, थोरले दीर बघत होते. यांनी तिथे एक हंगाम काढला आणि सोडलं. साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवला, तोही सोडला. माधवनगरला गिरणीत लागले, तर तिथल्या खडखडाटात डोकं फिरतं म्हणून परत आले. प्रत्येक वेळी आमची लोखंडी पेटी भरायची आणि शिराळ्याला जाऊन थोरल्या जाऊबाईंच्या हाताखाली उभं राहायचं. जाऊबाई नुसत्या पेटीकडे बघायच्या. ते बघणं मला सहन व्हायचं नाही. बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी हे साताऱ्यात उस्मान मेस्त्रींच्या गॅरेजमध्ये शिकायला लागले, तेव्हा मी मनाशी पक्कं ठरवलं होतं, आता ही पेटी पुन्हा उचलायची नाही.

मेस्त्रींकडे काम एकच, गाडीच्या पुढच्या भागाचं. पाटे, बुश, स्टेअरिंग. इंजिनाला ते हात लावत नसत. "इंजन बिघडलं तर माणूस चालत घरी जाईल," असं म्हणायचे, "पर ह्ये बिघडलं तर घरी जायाला कोण ऱ्हातंय?" त्यांच्याकडे एक रीत होती. स्टेअरिंगचं काम ज्याने केलं, त्यानेच गाडी यवतेश्वरच्या घाटात न्यायची, तीही शेजारी आपल्या घरचं माणूस बसवून. गिऱ्हाईक नंतर. यांना ती रीत म्हणजे वेळेची नासाडी वाटायची. घाई तर पाचवीला पुजलेली.

वाईच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याची जीप आली. गाडी सरळ चालताना स्टेअरिंग तिरपं राहायचं, एवढीच तक्रार. यांनी वरचा नट काढला, स्टेअरिंगचं चाक उपसलं, सरळ करून परत बसवलं, आवळलं. झालं काम. मेस्त्री बाहेर गेले होते, घाटात कोण जातंय… गाडी देऊन टाकली. व्यापारी म्हातारी आई आणि दोन लेकरं घेऊन यवतेश्वराच्या दर्शनाला निघाला. वळणावर स्टेअरिंग एका बाजूला फिरून संपलं, तरी गाडीचं तोंड कठड्याकडेच. ब्रेक लागला म्हणून पुढचं चाक कठड्याच्या दगडाला टेकून थांबलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मेस्त्रींनी परत आलेली जीप खालून बघितली आणि यांना एवढंच म्हणाले, "खालचा दांडा हाय तसाच तिरपा ठिवलास गड्या, म्हून एका अंगाला वळायला जागाच ऱ्हायली न्हाई. तू नुसतं वरचं त्वांड सरळ केलंस."

हे घरी आले आणि आल्या आल्या पेटी ओढून काढली.

"आवं, कुठं निघालाय?"

"शिराळ्याला. ह्ये काम माझ्यानं न्हाई व्हायचं. लेकरं हुती गं गाडीत."

"तुमी जावा. मी न्हाई येत."

नवऱ्याला असं तोंडावर बोलण्याची ती माझी पहिलीच वेळ. मी उंबऱ्यात उभी होते, तिथून हलले नाही. यांनी पेटी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, गॅरेज बंद. मेस्त्रींकडून गॅरेजची किल्ली मी मागून आणली आणि यांना घेऊन गेले. स्टेअरिंगपासून चाकांपर्यंत जाणारा खालचा दांडा फिरवून चाकं सरळ करायची, तर वर कुणीतरी स्टेअरिंग बरोबर मधोमध धरून ठेवायला हवं. मी पदर खोचला आणि जीपमध्ये चढून बसले. हे खाली. "डावीकडं… लय नगं… धर आता. हलू नगंस." उन्ह डोक्यावर येईपर्यंत मी ते स्टेअरिंग धरून होते. मनगटं भरून आली.

मग घाट. आपलं माणूस म्हणून शेजारी मीच. ते वळण आलं तेव्हा मी रस्त्याकडे बघितलंच नाही, यांच्या हातांकडे बघत होते. घाबरले होते, सरळ सांगते. तिथे काही झालं असतं तर आम्ही दोघंही गेलो असतो, आणि मला पेटी उचलण्यापेक्षा ते बरं वाटलं असतं. गाडी वळली. वर देवळापाशी उतरून हे बराच वेळ गाडीभोवती फेऱ्या मारत राहिले.

पुढे सांगलीत यांचं स्वतःचं गॅरेज झालं. घरं बदलली, गावं बदलली, काम मात्र बदललं नाही. सांगलीत घाट नव्हता, पण कुठलीही गाडी आपलं माणूस बसवून वळणांच्या रस्त्यावर फिरवल्याशिवाय गिऱ्हाइकाला मिळाली नाही. आधी मी बसायचे, मग मुलं.

शेवटच्या सकाळी सांगलीच्या दवाखान्यात यांची सारखी चुळबुळ चालली होती. सलाईनची नळी ओढायचे, उठू बघायचे. मी हात धरून ठेवला, तर माझ्याकडे बघून म्हणाले, "इंदे, पेटी भर. शिराळ्याला जाऊ."

डॉक्टरांनी मला आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. मी यांचा हात सोडला.

"तुमी व्हा फुडं," मी म्हणाले. "मी आवरून येती."

ते निघाले. माझं आवरणं अजून चालूच आहे.