लक्ष्मीवहिनींचा न उघडलेला डबा

वकिलाच्या ऑफिसात मसाल्याचं पाकीट पंख्याखाली उघडू नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी उघडलं. माल अस्सल आहे हे दाखवायचं होतं. ते जरा जास्तच दिसलं. कल्याणच्या सुहासिनी वकीलबाई टेबलाखाली वाकून शिंकू लागल्या, बाहेर बाकावर एकमेकांविरुद्ध लढणारे दोघं भाऊ एकाच रुमालात नाक खुपसून बसले, आणि मी तर आंधळाच झालो. कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या फक्त लक्ष्मीवहिनी. मिरचीनं त्यांच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

"भाऊजी, जरा दम धरायचा," त्या म्हणाल्या. "इथं काय मासली तलायची हाय?"

वहिनी ठाण्यातल्या कोलशेतच्या. सासऱ्यांपर्यंत मिठागरं होती. पुढे त्यांच्या नवऱ्यानं, माझ्या दोस्तानं परशुरामनं, पडवीत मसाला कांडपाचं यंत्र बसवलं. आमची मिरची दर उन्हाळ्यात तिथंच. त्यांची एकुलती एक लेक कल्पिता, लग्न ठरलेलं असताना काविळीनं गेली. परशुरामनं ते मनाला लावून घेतलं आणि तोही तिच्यामागे गेला. मग वहिनी एकट्याच यंत्र चालवू लागल्या, आणि स्वतःचा मसालाही पाकिटात भरून विकू लागल्या. पाकिटावर नाव 'कल्पिता'.

"दुकानात लोक नाव घेऊन मागतात ना," एकदा मिरच्यांचे देठ मोडता मोडता म्हणाल्या होत्या. "रोज कोनीतरी तिला हाक मारतो."

नाव पक्कं व्हावं म्हणून ट्रेडमार्कचा अर्ज मीच करायला लावला. त्यावर हरकत आली: याच नावाचा मसाला दुसऱ्या एका कंपनीनं आधीच नोंदवलेला आहे. उत्तर द्यायचं तर त्यांच्याही आधीपासून आपल्या मालावर हे नाव होतं, असा पुरावा हवा. नाहीतर अर्ज फेटाळला जाणार, आणि उद्या पाकिटावरूनही नाव काढायची पाळी येणार.

"जुनी पिशवी, डबा, लेबल, काहीही चालेल, काकू," वकीलबाई डोळे पुसत म्हणाल्या.

इथंच तर सगळं अडलं. वहिनींची पाकिटं त्या कंपनीनंतरची, त्याआधी होतं ते नुसतं कांडप. कांडपात मिरची गिऱ्हाइकाची, म्हणून डब्यावर नावही गिऱ्हाइकाचंच. परशुराम ते ऑइलपेंटनं झकास घालायचा. 'मीराबाई, खोपट.' 'चांगदेव, एसटी डेपो.' आमच्या घरच्या डब्यावर आमच्या हिचं नाव आहे. घरात कोणाचं चालतं हे परशुरामला न सांगता कळलं होतं. साऱ्या ठाण्याची नावं रंगवली पठ्ठ्यानं, आणि घरच्या नावाचा डबा एकही नाही!

एक निघाला. वहिनींच्या माळ्यावर, चादरीत गुंडाळलेला. त्यावर परशुरामच्या हातची लाल अक्षरं, 'कल्पिता', आणि खाली सालसुद्धा, त्या कंपनीच्या बरंच आधीचं. माळ्यावर उभं राहता येत नव्हतं म्हणून, नाहीतर मी नाचलोच असतो. तिथूनच वकीलबाईंना फोन लावला.

"उत्तम!" त्या म्हणाल्या. "डब्याचा फोटो जोडू. तेव्हापासून या नावानं माल विकत होतो, असं काकूंचं प्रतिज्ञापत्र करू. त्यांची फक्त सही लागेल."

मी डबा खाली आणून वहिनींसमोर ठेवला. झाकणाला मेणाचं सील तसंच होतं. वहिनींनी पदरानं अक्षरांवरची धूळ पुसली.

"साखरपुडा झाला तवा यांनी भरलेला," त्या म्हणाल्या. "पोरीला सासरी न्याला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि डबा तर उघडलाही नव्हता.

मी वकीलबाईंचंच बोलणं पुढे रेटलं. "वहिनी, एका सहीचं काम आहे. डबे विकत होतो म्हणायचं, बस्स. कोण बघायला येतंय? नाहीतर नाव जाईल. मग दुकानात तिला हाक कोण मारणार?"

वहिनींनी डबा पुन्हा चादरीत गुंडाळला, गाठ मारली आणि म्हणाल्या,

"तो इकायचा नव्हता, भाऊजी."