शेजारच्या म्हशी आणि आमचा गॅस

माझी आई स्वयंपाक करताना खोकायची, आणि आम्हाला त्यात काही वेगळं वाटायचं नाही. भाकरी थापणं, फुंकर मारणं, खोकणं, सगळं एकाच कामाचा भाग वाटायचं. अमडापूरच्या बाजूच्या एका खेड्यात आमचं घर होतं. एकच मोठी खोली, वर टिन, कोपऱ्यात चूल. चुलीत पऱ्हाट्या जाळायच्या. कापूस वेचून झाला की शेतात उरलेली झाडं उपटून, वाळवून घराशेजारी रचलेली असत. पऱ्हाटी भर्रकन पेटते आणि तशीच विझते. म्हणून कुणीतरी सतत चुलीपुढे वाकून बसलेलं लागतं. आमच्या घरी ती आई होती.

मी आठवीत असताना एका हिवाळ्यात तिला बोलणंही जड जाऊ लागलं. चार शब्द झाले की धाप लागायची. वडील तिला एसटीनं चिखलीला घेऊन गेले, मीही सोबत होते. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "बाई, बिडी पिता का?"

आई लाजून हसली. वडील म्हणाले, "नाई हो साहेब, ते तं सुपारीबी खात नाई."

"मग चूल बंद करा. औषध मी देतो, पण रोज धूर आत जात राहिला तर त्याचा उपयोग नाही."

चूल बंद करून मग शिजवायचं कशावर, हे काही त्यांनी सांगितलं नाही. सिलिंडर तेव्हा आमच्या गावात एकदोन घरीच होता. वाट सापडली ती पंचायत समितीत. वडील तिथे विहिरीच्या कागदासाठी गेले होते आणि बोलता बोलता आईच्या दुखण्याचं निघालं. तिथल्या एका साहेबांनी विचारलं, "ढोरं किती आहेत?"

"दोन बैल, दोन गाई, एक गोऱ्हा."

"मग गोबर गॅस बांधा. सरकार अनुदान देतं. फक्त गॅस पेटलेला मी डोळ्यांनी पाहीन, मगच सही करीन." अर्ज त्यांनी स्वतःच्या हातानं भरून दिला. वडिलांना लिहिता येत होतं, पण रकाने पाहिले की ते घाबरायचे.

परसात खड्डा खणायला घेतला आणि पहिलं भांडण झालं. पलीकडे म्हशी पाळणारी एक काकू राहायची. घरधनी गेलेला, दुधावरच संसार. ती भिंतीवरून ओरडली, "काऊन भाऊ, माह्या भिंतीले खेटून शेणाचा हौद करून राह्यले? वास कोणाले येईन?" ती सरपंचाकडेही गेली. शेवटी खड्डा चार हात अलीकडे सरकवला. पण त्या दिवसापासून आई आणि काकू एकमेकींशी बोलेनाशा झाल्या.

जमिनीखालची टाकी आणि तिच्यावरचा विटांचा घुमट बांधायला साखरखेर्ड्याहून एक मिस्त्री आले. त्यांनी या कामाचं शिक्षण घेतलं होतं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. ते वडिलांना म्हणाले, "घराले फट राह्यली तं थंडी वाजते, इतलंच. याले फट राह्यली तं समजा काहीच नाई बांधलं." आतून त्यांनी सिमेंटचा हात मारला, तो वाळल्यावर दुसरा, मग तिसरा. शेवटी स्वतः टाकीत उतरले आणि वडिलांना टाकीच्या तोंडावर गोणपाट टाकायला लावून अंधारात बराच वेळ बसून राहिले. कुठून सुईएवढा उजेड येतो का, ते पाहत होते. वर आले तेव्हा घामानं निथळत होते. "नाई येत," म्हणाले.

शेणकाला भरला. आठ दिवस गेले, पंधरा गेले, तीन आठवडे गेले. शेगडीचा कॉक फिरवला की नुसता फुस्स आवाज यायचा, तोही पुढे बंद झाला. गावात लोक हसू लागले. वडिलांनी चाचांना निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ते आले. पिशवीत साबणाची वडी होती. त्यांनी घुमटावरची माती बाजूला केली, साबणाचं पाणी ओतलं आणि पालथे झोपून पाहू लागले. घुमटातून नळी जिथे बाहेर येते, तिथे बारीक बुडबुडे येत होते.

"चूक माही हाये," ते म्हणाले. कुणी विचारलंही नव्हतं. सगळा गाव परसात उभा असताना ते असं म्हणाले. त्यांनी तो सांधा खरवडला, नव्यानं भरला, ओलं गोणपाट गुंडाळलं आणि पुढचे दोन दिवस ते भिजतं ठेवायला येत राहिले. मजुरी घेतली नाही. आईच्या हातची भाकरी तेवढी खाल्ली.

आठवड्यानं शेगडी पेटली. निळी, शांत ज्योत. आईनं चहाचं भांडं ठेवलं आणि सवयीनं फुंकर मारायला वाकली. मग एकदम सरळ झाली आणि आमच्याकडे पाहत म्हणाली, "आता म्या काय करू वं?" निरोप मिळाल्यावर साहेब आले, त्यांनी त्याच शेगडीवरचा चहा घेतला आणि सही केली.

दोन-तीन वर्षं चांगली गेली. आई रात्री झोपू लागली. पण त्याच काळात शिवारात बीटी कापूस आला. सुरुवातीला बोंडं अशी लागली की वडिलांनी ज्वारीचं वावरही कापसाखाली घातलं. सगळ्यांनीच घातलं. ज्वारी गेली, तसा कडबा गेला. पुढे पाऊस हुकला, भाव पडला, आणि बैलांपुढे टाकायला काही उरलं नाही. वडिलांनी आधी बैल विकले, मग एक गाय आणि गोऱ्हा. एका गाईच्या शेणावर टाकी कितीशी चालणार? ज्योत अंगठ्याएवढी झाली, मग विझलीच. आईनं पऱ्हाट्या आत आणल्या.

महिन्याभरात खोकला परतला. एका सकाळी परसाचं दार वाजलं. दारात काकू उभी होती, डोक्यावर शेणाचं टोपलं.

आई उंबऱ्यातच वाट अडवून उभी राहिली.

"सरक ना माय, जड झालं," काकू म्हणाली. "भिंतीपलीकडून तुहं खोकणं आयकू येते. मले झोप लागत नाई. कुठी टाकू हे?"

"तुमच्या गवऱ्यायचं काय?"

"माह्या सात म्हशी हायेत. शेण मले पुरून उरते."

आईला रडू आलं, आणि रडता रडता खोकलाही. काकूनंच टोपलं रिकामं केलं, पाणी घालून कालवलं. पुढे ते रोजचंच झालं. ज्योत पुन्हा मोठी झाल्यावर आईनं अट घातली की काकूचं दूधही आमच्याच शेगडीवर तापेल. रोज सकाळी काकू पातेलं घेऊन यायची, आणि दूध वर येईपर्यंत दोघी इतक्या बोलायच्या की ते दोनदा तरी उतू जायचं. मधल्या वर्षांचा सगळा अबोला त्यांनी त्या शेगडीपाशी भरून काढला.

वडील हे पाहत होते. पुढच्या पेऱ्याला त्यांनी नाल्याकाठचं वावर पुन्हा ज्वारीला दिलं. लोक म्हणाले, कापसाची जागा वाया घालवली. कडबा घरी आला, तेव्हा वडिलांनी काकूकडून म्हशीची एक वगार आणून दावणीला बांधली.

अनुदानाच्या कागदावर लाभार्थी म्हणून वडिलांचं नाव होतं. खरा लाभ आईला झाला, आणि आई मिळाली म्हणून मला. त्या साहेबांना, चाचांना मी कधी नीट धन्यवाद दिले नाहीत. काकूला द्यायला गेले तर ती म्हणाली, "शेणाचे काय धन्यवाद घेऊ वं?"

मी नोकरीला लोणारला आले, तेव्हा आई आठ दिवस राहायला आली. तिला खाली विवरातल्या तळ्यापर्यंत जायचं होतं. मी नको म्हणत होते. ती उतरली, काठाशी देवीपुढे हात जोडले आणि वर चढायला लागली. चार वेळा दगडावर बसली. वर आल्यावर पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पुढच्या खेपेले काकूले घेऊन येतो. तिच्या गुडघ्यानं जमते का पाहू."